बिनशब्दांच्या गाण्यांची कुळकथा

बाळापूरच्या वरातीत गाणारा कोणी नसायचा, तरी रात्रभर गाणी चालायची. मन आणि म्हैस नद्यांच्या संगमावरचा किल्ला मागे टाकून वरात गावात शिरली की क्लॅरिनेटवाला मुखडा उचलायचा आणि मागून चालणाऱ्यांच्या ओठांवर शब्द आपोआप यायचे. सूर वाद्याने द्यायचे, शब्द ऐकणाऱ्याने स्वतःचे आणायचे, असा तो न बोललेला करार होता. रेकॉर्ड कंपन्यांनी पुढे याच करारावर एक स्वतंत्र प्रकार उभा केला. गाजलेली दहा-बारा गाणी निवडायची, गायक बाजूला ठेवायचा आणि ती सगळी एकाच वाद्यावर वाजवून एका तबकडीत बसवायची. पुष्कळ जाणकारांनी या तबकड्यांना चहापानाचं संगीत म्हणून हलकं लेखलं. मला तसं वाटत नाही. गाण्यामागे बसणारा वादक लोकांसमोर स्वतःच्या नावाने उभा राहिला, तो याच तबकड्यांमुळे.

या प्रकाराचं मूळ शोधायचं तर आधी बँडकडे जावं लागतं. डफडं आणि सनई ही आपल्याकडची जुनी वाजंत्री. पितळी वाद्यं आली ती पलटणींबरोबर. वऱ्हाडात एलिचपूरला, म्हणजे आजच्या अचलपूरला, हैदराबाद कंटिन्जंट या फौजेची छावणी होती. परतवाडा हे गाव त्या छावणीच्या आधारानेच वाढलं. छावणी म्हटली की बिगुल, ढोल आणि कवायतीचा बँड आलाच. तिकडे मेरठला इंग्रजी फौजेतल्या बँडचे प्रमुख नादिर अली यांनी 1885 साली वाद्यांचा धंदा सुरू केला, आणि तिथला जळी कोठीचा भाग पितळी वाद्यांच्या कारखान्यांसाठी देशभर ओळखला जाऊ लागला. वाद्यं देशातच तयार व्हायला लागल्यावर बँड राजवाड्यापुरता आणि पलटणीपुरता राहिला नाही, तालुक्याच्या गावापर्यंत पोचला. अंगावरचा झुपकेदार गणवेश तेवढा फौजेची खूण म्हणून राहिला.

वरातीच्या बँडने गाण्याची मांडणी स्वतःची केली, आणि ती मोठी शहाणपणाची आहे. क्लॅरिनेट किंवा ट्रम्पेट गायकाच्या जागी. सॅक्सोफोन आणि बाकीची पितळी वाद्यं कोरसच्या जागी. खाली युफोनियमचा भरीव आधार, बाजूला ताशा, ढोल आणि झांज. चालत्या वरातीत अंतरे फारसे वाजत नाहीत, मुखडाच फिरून फिरून येतो. चौकात वरात थांबली, फर्माईश झाली, नोटा ओवाळल्या गेल्या, की मग गाणं पूर्ण वाजतं. पुढ्यात स्वरलिपीचा कागद नसतो, सगळं कानावरून उचललेलं. 1954 च्या ‘नागिन’मधली बिनेची धून देशातल्या झाडून सगळ्या बँडांनी घेतली. मूळ चित्रपटातही ती खऱ्या पुंगीवर वाजलेली नाही. कल्याणजींनी क्लॅविओलिन या विजेच्या वाद्यावर आणि रवी यांनी हार्मोनियमवर मिळून तो आवाज तयार केला होता. म्हणजे वाद्याने वाद्याची केलेली नक्कल पुन्हा तिसऱ्याच वाद्यावर चढली, आणि तरीही ती पहिल्या दोन सुरांत ओळखू येते. चांगल्या चालीचा कस याहून वेगळा काय लागायचा!

दुसरं मूळ नाटकाच्या पेटीत आहे. संगीत नाटकाची पदं प्रेक्षकांना तोंडपाठ असत, त्यामुळे पेटीवाल्याने एकट्याने पद वाजवलं तरी मैफल जमायची. गोविंदराव टेंब्यांनी 1911 च्या ‘मानापमान’ला चाली दिल्या हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण पेटी हे केवळ साथीचं वाद्य न राहता स्वतंत्र मैफलीचं झालं, त्यातही त्यांचा वाटा फार मोठा आहे. पुढे पी. मधुकर यांच्या पेटीवादनाच्या तबकड्या घरोघरी गेल्या. याच काळात आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली होती. 1940 साली आलेली ती बंदी सैल व्हायला 1971 उजाडलं. पेटीत मींड निघत नाही, तिचे सूर परके, असा आक्षेप होता. रेडिओने ज्या वाद्याला दार बंद केलं ते तबकडीच्या वाटेने लोकांच्या घरात राहिलं, याचं श्रेय त्या वादकांना आणि त्यांना ऐकणाऱ्या रसिकांना द्यायला हवं.

तिसरं मूळ मुंबईच्या स्टुडिओतलं, आणि ते सर्वांत भरघोस. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत पोरांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवत. तिथून निघालेली माणसं मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवू लागली आणि मग चित्रपटांच्या वाद्यवृंदात आली. ट्रम्पेटवाले चिक चॉकलेट, मूळ नाव आंतोनियो झेवियर वाझ, 1951 च्या ‘अलबेला’त आपल्या बँडसह पडद्यावरच दिसतात. सेबास्टियन डिसोझा शंकर-जयकिशन यांच्या चालींना वाद्यांची मांडणी देत. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांचं नाव तर 1977 च्या एका गाण्यामुळे पोराटोरांच्या तोंडी बसलं. ज्यांचे ते व्हायोलिनचे गुरू होते त्या संगीतकार प्यारेलाल यांनीच त्यांची अशी आठवण ठेवली. पण ही अपवादाची गोष्ट. तबकडीवर गायकाचं नाव, संगीतकाराचं नाव, चित्रपटाचं नाव असे. मधला तुकडा ज्याने वाजवला, ज्याच्या दोन ओळींशिवाय ते गाणं आपण ओळखणारही नाही, त्याचं नाव कुठेच नसे.

त्यातून काही जण पुढे आले. लखनौकडून आलेले व्हॅन शिप्ली विजेची गिटार आणि व्हायोलिन दोन्ही वाजवत. पुण्याचे इनॉक डॅनियल्स अकॉर्डियन वाजवत. दोघांनी कधी एकत्र, कधी स्वतंत्र अशा चित्रपटगीतांच्या तबकड्या काढल्या. लहान तबकडीवर चार धुनी, मोठीवर बारा. कलकत्त्याचे सुनील गांगुली गिटारवर हेच करत होते. बाळापूरसारख्या गावात ग्रामोफोन एखाद-दुसऱ्याच्याच घरी, त्यामुळे या धुनी इकडे पोचल्या त्या रेडिओवरून. दोन कार्यक्रमांच्या मध्ये किंवा बातम्यांच्या आधी दीड-दोन मिनिटं उरली की एखादी धून लागायची, आणि वेळ झाली की मध्येच तोडली जायची. त्या तुटक्या धुनींनीच आमच्या पिढीचे कान घडले. निवेदक वाद्याचं नाव सांगेल की नाही, याचा नेम नसे.

वाद्यावर गाणं ‘म्हणायचं’ म्हणजे काय, हे समजायला प्रभाकर जोग ऐकावेत. जन्म 1932 चा. वडील लवकर गेले. बाराव्या वर्षापासून पुण्यातल्या वाड्यांमध्ये सव्वा रुपया आणि नारळ एवढ्या बिदागीवर त्यांनी व्हायोलिन वाजवलं. शिक्षण गजाननराव जोशी यांच्याकडचं, म्हणजे गायकी आणि गज दोन्हींवर हुकूमत असलेल्या गुरूकडचं. पुढे ते सुधीर फडके यांचे सहायक झाले. 1955 साली पुणे आकाशवाणीवरून सुरू झालेल्या गीतरामायणाच्या छप्पन्न गीतांत त्यांचं व्हायोलिन आहे. ‘लपविलास तू हिरवा चाफा’ आणि ‘स्वर आले दुरुनी’ या चाली त्यांच्याच. त्यांच्या एकल वादनाच्या तबकड्या, कॅसेटी आणि कार्यक्रमांना ‘गाणारं व्हायोलिन’ हे नाव मिळालं, आणि त्या नावात अतिशयोक्ती नव्हती.

तंत्र असं आहे. व्हायोलिनला पडदे नाहीत, त्यामुळे बोट घसरवून मींड काढता येते. पण मींड निघाली म्हणून शब्द ऐकू येत नाहीत. शब्द येतो गजामुळे. अक्षर बदललं की गजाची दिशा किंवा दाब बदलायचा. लांबलेला स्वर एकाच गजात ओढायचा. जोडाक्षराच्या जागी किंचित झटका द्यायचा. गायिका जिथे श्वास घेते तिथे गजही उचलायचा. जोग हे इतकं नेमकं करत की ओळ संपता संपता ऐकणाऱ्याला शब्दांचे शेवट दिसू लागत. अकॉर्डियनवाल्याची अडचण वेगळी. पट्ट्या ठरलेल्या, मींड अशक्य. म्हणून डॅनियल्स भात्याच्या दाबाने आवाज फुलवतात, कणस्वरांनी स्वराची कड मऊ करतात, आणि जी गाणी ठेक्यावर चालतात ती त्यांच्या हातात खुलतात. हवाईयन गिटारवर धातूचा दांडा तारेवरून सरकतो, तिथे संथ, दुःखाची गाणी शोभतात. चांगल्या संग्रहात गाण्यांची निवड लोकप्रियतेच्या यादीवरून केलेली नसते, वाद्याला काय झेपतं ते पाहून केलेली असते. ज्या तबकड्यांत हा विचार नाही त्या खरोखर कंटाळवाण्या आहेत, हेही सांगून टाकतो.

साथीदार पुढे आल्याची याहून गाजलेली गोष्ट अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात घडली. तिथे एका जुन्या सिनेमागृहात स्टॅक्स या रेकॉर्ड कंपनीचा स्टुडिओ होता. गायक येत, जात. मागे वाजवणारी माणसं तीच. ऑर्गनवर बुकर टी. जोन्स, गिटारवर स्टीव्ह क्रॉपर, ड्रमवर अल जॅक्सन, बास गिटारवर आधी लुई स्टाइनबर्ग आणि 1965 पासून डोनाल्ड डन. ओटिस रेडिंग, सॅम अँड डेव्ह यांच्या गाण्यांमागे हेच हात आहेत. 1962 मध्ये एका गायकासाठी सगळे जमले होते. ते काम पुढे सरकलं नाही, आणि रिकाम्या वेळात चौघांनी जे वाजवलं त्यातून ‘ग्रीन अनियन्स’ ही धून झाली. बुकर तेव्हा सतरा वर्षांचा होता. बुकर टी. अँड द एमजीज या नावाने ती तबकडी देशभर गाजली. 1968 मध्ये अटलांटिक कंपनीने त्यांच्या निवडक धुनींचा संग्रह काढला. त्याच वर्षी स्टॅक्स आणि अटलांटिक वेगळ्या झाल्या आणि आधीच्या ध्वनिमुद्रणांची मालकी अटलांटिककडे राहिली. वाजवलं एकाने, हक्क दुसऱ्याचा, ही कथा तिकडेही चुकली नाही.

डन आल्यावर दोन काळे आणि दोन गोरे असे ते चौघे, आणि शहर असं की तिथे त्या काळी काळ्या-गोऱ्यांना एका टेबलावर जेवणंही अवघड. ते एकत्र बसत ते लॉरेन मोटेलमध्ये. 4 एप्रिल 1968 रोजी मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली ती तिथेच. एमजीजची ‘सोल लिंबो’ ही धून पुढे बीबीसीच्या क्रिकेट प्रक्षेपणाची ओळख बनली. क्रिकेटवेड्या मराठी घरांत ती नाव न कळता पोचली असेल.

मेम्फिसच्या आणि आपल्या वादकांत एक फरक आहे, आणि तो मला खटकत आला आहे. ‘ग्रीन अनियन्स’सारख्या त्यांच्या धुनी त्यांच्याच होत्या, त्यांना शब्द मुळात नव्हतेच. आपल्याकडे वादकाला पुढे यायचं तर गायकाचं गाजलेलं गाणं हातात घेऊनच यावं लागलं. स्वतःच्या रचनेची तबकडी काढायला कंपन्या क्वचितच तयार असत. शंकर-जयकिशन यांनी 1968 मध्ये ‘रागा जॅझ स्टाइल’ काढली, त्यात रईस खान यांची सतार आहे, मनोहारी सिंग यांचा सॅक्सोफोन आहे. पण तबकडी संगीतकार जोडीच्या नावाची. आपल्या वादकांकडे स्वतःच्या धुनी नव्हत्या, असं म्हणायला मी तयार नाही. चित्रपटगीतांच्या सुरुवातीचे आणि मधले तुकडे ऐकले की त्यांच्याजवळ काय होतं ते कळतं. त्यांना कोणी विचारलं नाही, एवढंच.

कॅसेट आली, मग सीडी आली, आणि बँडच्या गाडीवर माईक घेऊन गाणारा बसला, शेजारी कॅसिओ. नंतर डीजे आला. क्लॅरिनेटवाल्याच्या सुपाऱ्या कमी झाल्या. प्रभाकर जोग 2021 मध्ये गेले.

ग्रेगरी बूथ या न्यूझीलंडमधल्या संगीत अभ्यासकाने भारतातल्या लग्नाच्या बँडांवर 2005 मध्ये एक पुस्तक लिहिलं. मग 2008 मध्ये दुसरं लिहिलं, मुंबईच्या चित्रपट वाद्यवृंदातल्या वादकांवर; त्यासाठी त्यांनी त्या वादकांना भेटून, बोलतं करून त्यांच्या आठवणी नोंदवल्या. परक्या देशातून येऊन एकाने एवढं केलं. अकोला, अमरावती, बाळापूर, अचलपूर इथल्या बँडांत आणि ऑर्केस्ट्रांत वाजवलेली म्हातारी माणसं अजून आहेत. ज्यांना वेळ आहे, विशेषतः इथल्या महाविद्यालयांतल्या संगीताच्या आणि मराठीच्या विद्यार्थ्यांनी, त्यांच्याकडे जावं; कोणी कोणाकडे शिकलं, वाद्य कुठून आणलं, कोणती धून स्वतः बसवली, हे नावानिशी लिहून घ्यावं. आणि हे काम याच वर्षी सुरू करावं.