टोमॅटोचं बी आणि पिअर २१

मार्चअखेरीस हॅलिफॅक्समध्ये बाहेर गारठा असतो, तेव्हाच घरात खिडकीशी टोमॅटोचं बी पेरावं लागतं. २०-२५ अंशांची ऊब मिळाली की आठवड्याभरात कोंब वर येतात आणि मेमध्ये रोपं अंगणातल्या ग्रीनहाऊसमध्ये हलवता येतात. तुमच्यापैकी कुणी हा उद्योग करत असेल, तर बियांच्या पाकिटावर ‘रोमा व्हीएफ’ असं वाचलं असेल.

नाव इटलीचं असलं तरी हे वाण १९५०च्या दशकात अमेरिकेत, मेरीलँडमधल्या बेल्ट्सव्हिलच्या सरकारी संशोधन केंद्रात तयार झालं. ‘व्ही’ आणि ‘एफ’ म्हणजे व्हर्टिसिलियम आणि फ्युजेरियम, या दोन मर रोगांपुढे टिकणारं. मूळ टोमॅटो अँडीज पर्वतातला. मेक्सिकोत त्याची शेती झाली, तिथून स्पॅनिशांनी तो युरोपात नेला आणि १५४४मध्ये इटलीतल्या मात्तिओली या वैद्याने त्याची नोंद केली. लांबट, गरदार, कमी पाण्याच्या टोमॅटोला पुढे डबाबंद उद्योगाने भाव मिळवून दिला.

भारतात तो पोर्तुगीजांबरोबर आला असं मानतात. बंगालीत त्याला ‘विलायती बेगुन’ म्हणत, म्हणजे परदेशी वांगं. विदर्भात तो ‘भेदरं’ झाला. आपल्या जुन्या स्वयंपाकात आंबटपणा यायचा तो चिंच, आमसूल आणि कैरीतून. आज नारायणगाव आणि पिंपळगाव बसवंतच्या बाजारात टोमॅटोचे क्रेटच्या क्रेट विकले जातात आणि टोमॅटोचं सार आपल्याला पिढ्यान्‌पिढ्यांचं वाटतं.

बी असं जगभर फिरलं. माणसांचं तसं नव्हतं. हॅलिफॅक्सच्या बंदरातल्या पिअर २१मधून १९२८ ते १९७१ या काळात सुमारे दहा लाख लोक कॅनडात आले. महायुद्धानंतर त्यांत इटालियन कुटुंबं पुष्कळ होती. ट्रंकांमध्ये घरचं खाणंपिणं असे आणि अधिकारी त्यातलं बरंच काढून घेत. आज तिथे स्थलांतराचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. त्या रांगेत आपली माणसं जवळपास नव्हतीच. १९०८च्या नियमानुसार मायदेशातून कुठेही न थांबता आलेल्यालाच प्रवेश होता आणि भारतातून तशी बोट सुटत नसे. १९१४मध्ये ‘कोमागाता मारू’ व्हँकुव्हरहून परत पाठवली, तेव्हा हाच नियम पुढे केला गेला. तो १९४७मध्ये रद्द झाला, १९६७मध्ये गुणांची पद्धत आली आणि शिकलेली मराठी मंडळी येऊ लागली, ती विमानाने. आता उलट झालंय. आपण व्हिसा घेऊन येतो, पण गावाकडचं टोमॅटोचं बी कागदपत्रांशिवाय आणता येत नाही. त्याला कारणही आहे, बियांबरोबर रोग येतात.

रोगाची भीती इथे खरीच आहे. १८४५मध्ये आयर्लंडचा बटाटा ज्या करप्याने नासला, तोच टोमॅटोवरही पडतो आणि इथलं धुकं त्याला मानवतं. पानं कोरडी ठेवायची तर डोक्यावर छप्पर हवं. योगायोग असा, की त्याच १८४५मध्ये ब्रिटनने काचेवरचा कर उठवला आणि ग्रीनहाऊस श्रीमंतांच्या बागेबाहेर पडू लागलं. आत वारा नसतो, म्हणून फुलोऱ्यावर दुपारी बोटाने हलकेच टिचकी मारा, नाहीतर फळधारणा कमी होते.

रोमा संकरित नाही. पिकलेल्या फळाचं बी दोन-तीन दिवस त्याच्याच रसात आंबवून, धुऊन, वाळवलं की पुढच्या वर्षी तेच वाण उगवतं. पोस्टडॉकच्या करारावर राहणाऱ्या माझ्यासारखीला हे महत्त्वाचं वाटतं. माझा करार सप्टेंबरमध्ये संपतो, म्हणजे ऐन टोमॅटो पिकण्याच्या दिवसांत. पुढची नोकरी कॅनडातच मिळाली तर बियांची पुडी माझ्याबरोबर येईल. देश बदलला तर ती इथेच कुणाकडे तरी सोपवावी लागेल. तुम्ही हॅलिफॅक्सच्या आसपास असाल आणि थोडं ऊन येणारी जागा असेल, तर जरूर कळवा.