पेढीचें दार

अमेरिकेंत फिलाडेल्फिया शहरीं १८१९ ते १८२४ या सालांत सेकंड बँक ऑफ दि युनायटेड स्टेट्स या पेढीची इमारत उभी राहिली. विल्यम स्ट्रिकलंड या स्थापत्यविशारदानें तिचा दर्शनी भाग अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिरावरून घेतला. पैशाच्या व्यवहाराला देवळाचें रूप कशासाठीं, असें कोणी विचारील. पण पायऱ्या चढून येणाऱ्या माणसाला आपला ठेवा येथें सुरक्षित राहील असें वाटावें, एवढ्यासाठींच ते दगडी खांब होते. पुढें तेथील कितीतरी गांवांच्या पेढ्यांनीं हाच कित्ता गिरविला.

मग ज्या पेढीला अशी इमारतच नाहीं, तिनें हा विश्वास कोठून आणावा? १९९५ सालीं हा प्रश्न खरोखरच उभा राहिला. त्या वर्षीं मे महिन्यांत वेल्स फार्गो बँकेनें खात्यांतील शिल्लक संकेतस्थळावर पाहण्याची सोय केली. परंतु तिच्या पाठीशीं जुन्या शाखा होत्या. १८ ऑक्टोबर रोजीं उघडलेल्या सिक्युरिटी फर्स्ट नेटवर्क बँकेची गोष्ट निराळी. तिचें ठाणें केंटकी संस्थानांतील पाइनव्हिल या लहानशा गांवीं. ग्राहक मात्र साऱ्या अमेरिकेंतून यावयाचे, आणि तेहि संगणकाच्या पडद्यावरून. तेव्हां तिच्या चालकांनीं संकेतस्थळाच्या मुखपृष्ठावर चक्क पेढीच्या दालनाचें चित्र काढलें. चौकशीची जागा, कारकुनांच्या खिडक्या, सर्व कांहीं जागच्या जागीं. चित्रांतील खिडकीवर बाण नेऊन कळ दाबली, कीं पुढचें पान उघडे.

ही कल्पना आज बाळबोध वाटेल, पण तिला हंसणें बरें नव्हे. वेबचें पान म्हणजे काय हें ज्यांना ठाऊक नव्हतें, त्यांना पेढीतील खिडकी कशासाठीं असते हें पक्कें ठाऊक होतें. अडचण आली ती दुसरीकडून. टेलिफोनच्या तारेवरून सेकंदाला २८.८ किलोबिट या वेगानें माहिती येत असे. तेवढ्यांत पन्नास किलोबाइटांचें एक चित्र उतरावयास चौदा सेकंद लागत. पहिल्या भेटीस हें चालेल. रोज शिल्लक पाहणाऱ्याला रोज दालन सजेपर्यंत उंबऱ्यावर उभें राहणें परवडत नाहीं. शिवाय पान वाचून दाखविणाऱ्या यंत्रणेवर विसंबणाऱ्या अंध ग्राहकाला चित्रांतली खिडकी नसल्यासारखीच. मे १९९९ मध्यें वेबच्या सुलभतेचे जे पहिले जागतिक नियम प्रसिद्ध झाले, त्यांतील पहिलाच नियम असा कीं चित्राच्या जोडीला शब्द असलेच पाहिजेत. त्यापूर्वींच, १९९८ सालीं, ही पेढी रॉयल बँक ऑफ कॅनडानें विकत घेतली होती.

दालनें गेलीं आणि त्यांच्या जागीं जाहिराती आल्या. घराचें कर्ज, नवें कार्ड, हंसरें कुटुंब! ग्राहक बहुधा आपल्या खात्यांत शिरण्यासाठीं येतो, आणि पेढीला त्याला आणखी कांहीं विकावयाचें असतें. मुखपृष्ठाची मांडणी म्हणजे या दोन हेतूंमधला तंटा होय. त्यांत ग्राहकाच्या बाजूनें एक चांगली गोष्ट झाली: नांव व पासवर्ड लिहिण्याची चौकट मुखपृष्ठावरच आली, आणि एक पान वाचलें.

नेमका येथेंच घात झाला. सांकेतिक भाषेंत पान पाठविण्याचा बोजा संगणकांवर पडे, म्हणून कित्येक पेढ्या मुखपृष्ठ उघडेंच ठेवीत आणि पासवर्ड तेवढा झांकून नेत. परंतु उघडें पान वाटेंत कोणी बदललें, तर तोच पासवर्ड चोराच्या घरीं जावयाचा. कांहीं ठिकाणीं चौकटीशेजारीं कुलपाचें चित्रहि काढलेलें असे. दाराला कडी नाहीं, पण त्यावर कुलूप रंगविलेलें! मिशिगन विद्यापीठांतील अतुल प्रकाश व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २१४ वित्तसंस्थांचीं संकेतस्थळें तपासलीं. २००८ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांप्रमाणें शेंकडा ७५ हून अधिक स्थळांत मांडणीचा एक तरी दोष होता, आणि शेंकडा ४७ स्थळांनीं पासवर्डाची चौकट अशा उघड्या पानावर ठेविली होती. हे दोष ग्राहकाच्या बेसावधपणाचे नव्हते. पेढीनेंच ते बांधले होते.

उपायहि पेढ्यांनीं शोधले. ग्राहकानें एक चित्र निवडून ठेवावें आणि तें दिसलें तरच पासवर्ड लिहावा, अशी एक युक्ति निघाली. २००७ सालच्या एका प्रयोगांत तें चित्र काढून त्याजागीं दुरुस्ती चालू असल्याची सूचना लाविली. स्वतःचें खातें वापरणाऱ्या २५ जणांपैकीं २३ जणांनीं तरीहि पासवर्ड लिहिला. जें नाहीं तें डोळ्यांत भरत नाहीं, एवढी साधी गोष्ट त्या युक्तींत विसरली गेली होती.

पुढें सुधारणा झाली ती पेढ्यांच्या बाहेरून. जानेवारी २०१७ पासून क्रोम ब्राउझर पासवर्ड मागणाऱ्या उघड्या पानाला ‘असुरक्षित’ म्हणूं लागला, आणि मुखपृष्ठें भराभर झांकलीं गेलीं. पण कुलूप आतां भामट्यांनाहि फुकट मिळूं लागलें होतें. त्याच्यावरून दार खरें कीं खोटें हें कळेना. अखेर सप्टेंबर २०२३ मध्यें क्रोमनें कुलपाची खूणच काढून टाकली.

भारतांत रिझर्व्ह बँकेनें २०२५ सालीं हा प्रश्न पानावरून उचलून पत्त्यावर नेला. सर्व बँकांनीं ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपलीं संकेतस्थळें ‘डॉट बँक डॉट इन’ या राखीव पत्त्याखालीं आणावीं, असा तिचा आदेश होता. मुंबईतील मोठ्या बँकेला तो जसा लागू, तसाच तालुक्याच्या गांवीं चालणाऱ्या नागरी सहकारी बँकेलाहि. त्यामुळें मुखपृष्ठावर खांब असोत, हंसरें कुटुंब असो वा नुसती चौकट असो, ग्राहकानें आधीं पाहावयाचें तें पानाच्या वर, पत्त्याच्या त्या अरुंद पट्टींत. आणि मोबाइलवर ती पट्टी बोटभर रुंदीची असते.