नेटवर्क रॅकसाठी जागेची तयारी

स्विच, राउटर, पॅच पॅनेल, यूपीएस ही सामग्री रॅकमध्ये चढवण्याआधी खोलीची जमीन, वीज, अर्थिंग आणि हवा तपासून दुरुस्त करून घेण्याचे काम. रॅकमधील सामग्रीच्या दर्शनी पट्टीची रुंदी १९ इंच (४८२.६ मिमी) असते. उंची ‘यू’मध्ये मोजतात, १ यू म्हणजे ४४.४५ मिमी. मोठा रॅक बहुधा ४२ यूचा, सुमारे दोन मीटर उंच असतो.

पहिला प्रश्न वजनाचा. ६०० × १००० मिमी पायाच्या रॅकचे वजन सामग्रीसह ६०० किलो झाले, तर त्याच्याखालच्या जमिनीवर चौरस मीटरला १,००० किलो भार येतो. भारतीय मानक आयएस ८७५ कार्यालयांसाठी चौरस मीटरला साधारण २५० ते ४०० किलो भार धरते. तो सबंध मजल्यावर पसरलेला भार असल्याने एका रॅकने स्लॅब खचेलच असे नाही. मात्र रॅकची रांग किंवा बॅटऱ्यांची बँक ठेवायची असल्यास स्ट्रक्चरल इंजिनिअरचा सल्ला घेतलाच पाहिजे. रॅक आधी जमिनीला बोल्टने पक्का करावा, मग जड सामग्री तळाशी बसवत वर जावे. एका वेळी एकच यंत्र रुळांवरून बाहेर ओढावे, नाहीतर रॅक पुढे कलंडतो.

सर्वांत जास्त हेळसांड अर्थिंगची होते आणि ती जिवावर बेतू शकते. प्रत्येक यंत्राच्या पॉवर सप्लायमधून थोडा गळती प्रवाह अर्थच्या तारेत जातो. ती तार सैल असेल, तर रॅकच्या पत्र्याला हात लावताच झिणझिण्या येतात. यंत्रे वाढली की धोकाही वाढतो. रंग वीजरोधक असल्याने दारे आणि बाजूचे पत्रे नुसते स्क्रूवर सोडू नयेत. हिरव्या-पिवळ्या तारेने तांब्याच्या अर्थ पट्टीला जोडावेत. सह्याद्रीच्या कातळात अर्थचा रोध मुळातच जास्त असतो, आणि माती सुकली की तो आणखी चढतो. म्हणून अर्थ पिटची मोजणी मे महिन्यात करावी. पावसाळ्यातला आकडा फसवा असतो. या कामासाठी आयएस ३०४३ हे मानक आहे.

रॅकला स्वतंत्र एमसीबी आणि सॉकेट द्यावे, एक्स्टेन्शन बोर्ड नको. यंत्रांनी घेतलेल्या विजेची जवळजवळ सगळी उष्णताच होते, ३.५ किलोवॉटला सुमारे एक टनाचा एसी लागतो. एसीचे युनिट रॅकच्या डोक्यावर बसवू नये, पाणी ठिबकते. तळघर शक्यतो टाळावे: २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिमी पाऊस झाला होता, आणि असे पाणी आधी तळघरातच उतरते.

भिंतींना भोके पाडणे, रंगकाम, फरशी घासणे हे सगळे आटोपून खोली पुसल्यावरच यंत्रांचे खोके उघडावेत. सिमेंटची धूळ पंख्यांवाटे थेट आत ओढली जाते.