माळ्यावर चढलेली बस

मांडीवरचा खोका घट्ट धरा. लाल डबा वरंधा घाट उतरतोय, तुम्ही मागच्या सीटवर आहात आणि साल आहे १९८७. बाहेर पाऊस कोसळतोय. खिडकीची काच अर्ध्यावर अडकलीय, त्यामुळे तुमची उजवी बाही पिळून काढण्याजोगी. शेजारच्या आजोबांच्या ओल्या घोंगडीचा वास डिझेलमध्ये मिसळून घशात उतरतोय. वाघजाईपाशी ड्रायव्हर एक हात सोडून नमस्कार करतो, तेव्हा तुम्हीही मनातल्या मनात करून घ्या.

“खोक्यात काय, रेडिओ?” कंडक्टर विचारतो.

“कॉम्प्युटर.”

“मग त्याचं अर्धं तिकीट फाडू का?”

सगळी गाडी हसते. हसू द्या. खोक्यात डीबी स्पेक्ट्रम प्लस आहे, विलायतेतल्या सिंक्लेअरचं यंत्र, डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन भारतात आणलेलं. पुण्याच्या मामाने ‘गणपतीपर्यंत सांभाळ’ म्हणून दिलंय. मेमरी ४८ के. आजच्या मोबाइलमधला एक साधा फोटोसुद्धा त्यात मावायचा नाही. पण तुमच्याकडे अजून मोबाइल कुठाय? तुम्ही चौदा वर्षांचे आहात.

महाडला उतरा, चिखल चुकवत पेठेतलं घर गाठा. आत वाळत घातलेल्या, पण न वाळलेल्या कपड्यांचा कुबट वास आणि चुलीवरच्या भाताची वाफ. लाकडी शटरच्या टीव्हीची अँटेना काढून तिथे कॉम्प्युटरची वायर खुपसा. आजी दारातूनच बजावते, “रविवारी रामायणाच्या वेळेला हात लावलास तर बघ!” बटण पिळत राहा. मुंग्या-मुंग्या, मुंग्या-मुंग्या, आणि एकदम स्वच्छ पांढरा पडदा.

आता ‘पी’ दाबा. दचकलात ना? एका बोटात अख्खा ‘प्रिंट’ उमटला. इथे आज्ञा अक्षर-अक्षर लिहायच्या नसतात, कुठल्या बटणाखाली कुठली आज्ञा लपलीय ते पाठ करायचं.

तुम्हाला गेम करायचाय आणि विषयही ठरलाय: महाबळेश्वरहून आंबेनळी घाट उतरून पोलादपूरला पोचणारी एसटी. गणिताची चौकटीची वही काढा. आडवे आठ, उभे आठ चौकोन आखा. भरलेला चौकोन एक, रिकामा शून्य. वरची ओळ ०११११११०, म्हणजे १२६. खाली खिडक्या, चाकं. आठ आकडे टाइप केलेत की पडद्यावर मुंगळ्याएवढी बस उभी. खोलीत जमलेली आळीतली आठ पोरं एका सुरात ओरडतात. त्यांच्या ओल्या केसांना खोबरेल आणि पावसाचा वास येतोय, आणि प्रत्येकाला तुमच्याच खांद्यावरून बघायचंय.

रस्ता खालच्या ओळीत छापत राहायचं. पडदा आपोआप वर सरकतो आणि वर थांबलेली बस उतरतेय असं वाटतं. पण पडदा भरला की यंत्र थबकतं आणि विचारतं, ‘स्क्रोल?’ गाडी ऐन वळणावर आणि ह्याला परवानगी हवीय! मामाने चिठ्ठीवर तोडगा दिलाय: पोक २३६९२, २५५. प्रत्येक फेरीला एवढं सांगा, मग ते विचारायचं सोडतं.

पोलादपूरचा मावसभाऊ मात्र तोंड वाकडं करतो. त्याचे वडील एसटीत ड्रायव्हर आहेत. “हा घाट आहे की पळण्याची शर्यत? वळण कुठाय?”

खरंय. मग यंत्राला फासा टाकायला लावा: शून्य, एक की दोन. त्यातून एक वजा करा. रस्ता एक घर डावीकडे जाईल, सरळ राहील किंवा उजवीकडे जाईल. आता भाऊ ‘ओ’ आणि ‘पी’वर बोटं ठेवून बसतो, वळणावर स्वतःच वाकतो, पाचव्या वळणाला दरीत जातो. “हां! आता लागली आंबेनळी.”

आणि तेवढ्यात लाइट जाते.

पोरांचा “आऽऽ”, मग काळोख, मग कंदिलाच्या रॉकेलचा वास. ॲडॉप्टर अजून विटेसारखा तापलेला, पण डोकं रिकामं; लाइट गेली की ह्या यंत्राला कालचं काही आठवत नाही. तुमची बस फक्त वहीत उरलीय. उद्या सगळं पुन्हा टाइप करा. परवा पुन्हा. तिसऱ्या वेळेला बोटं कंटाळतात आणि लक्षात येतं, या चार ओळींचं काम एका ओळीत होतंय की! मास्तरांनी शिकवलं नसतं इतकं पावसाळी विजेने शिकवलं.

जुलैतली एक रात्र. गांधारी फुगलीय, सावित्री तिला पोटात घेत नाहीय, पाणी खालच्या आळीत आलंय. महाडच्या घराला हे नवं नाही. कुणी ओरडत नाही, घाबरत नाही. तांदळाची पोती, पेट्या, गाद्या हातोहात माळ्यावर चढतायत. लाइट अजून आहे, पण बल्ब डोळे मिचकावतोय. बाबा शिडीवरून हाक मारतात, “तुझं काय ठेवायचंय ते दे लवकर!”

भजनाच्या कॅसेटची मागची बाजू टेपमध्ये घाला. रेकॉर्डचं बटण दाबा. ‘सेव्ह’. पडद्याच्या कडेला पट्टे धावू लागतात आणि यंत्रातून बरणीत कोंडलेल्या भुंग्यासारखी गुणगुण येते. बल्ब मंद होतो. श्वास धरा. पुन्हा उजळतो.

“हा आवाज कसला रे?” आजी विचारते.

“बस वर चढतेय.”

गुणगुण थांबते. कॅसेट प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळा, दोन गाठी मारा आणि बाबांच्या हातात द्या. ते ती तांदळाच्या पोत्यांमागे, कौलांच्या अगदी खाली सारतात आणि विचारतात, “आणि ही वही?”

“ती पण.”