पहिली नोकरी, स्वतः शिकलेल्यांची

१९६८ साली मुंबईत टीसीएस सुरू झाली तेव्हा घरी बसून प्रोग्रामिंग शिकायची सोय नव्हती. कॉम्प्युटर मोठ्या कंपन्यांत नाहीतर संशोधन संस्थांत. त्याला हात लावायचा तर आधी तिथे चिकटावं लागे. नोव्हेंबर १९८४ मध्ये राजीव गांधी सरकारचं संगणक धोरण आलं, आयात सोपी झाली आणि पीसी हळूहळू तालुक्याच्या गावी पोचला. एनआयआयटी, ॲप्टेक आणि त्यांच्या मागोमाग गल्लोगल्ली क्लास निघाले. मग क्रम उलटला: आधी शिकायचं, नोकरी नंतर. स्वतः शिकलेल्यांची अडचणही तिथेच सुरू झाली. येतंय हे पटवायचं कसं?

पुण्यात कामाला तोटा नव्हता. १९८१ साली इन्फोसिस इथेच सुरू झाली होती, १९८८ मध्ये सी-डॅक आलं, १९९० मध्ये पर्सिस्टंट. शतक संपत आलं तशी तारखांच्या दुरुस्तीसाठी कोबोलवाल्यांना मागणी वाढली. पण मोठ्या कंपन्या फ्रेशर घेत त्या कॉलेजांतून: इंजिनिअरिंग किंवा एमसीए, आणि दहावीपासून साठ टक्के. बी.कॉम.वाल्यांचा बायोडेटा तिथे पुढे सरकत नसे. आमच्यासारख्यांना आत घेतलं ते छोट्या कंपन्यांनी. त्यांना माणूस लगेच कामाला लागणारा हवा असे.

मी बार्शीची. वडील आडतीवर मुनीम. शेठजींनी जुना पीसी घेतला आणि क्लासमध्ये जेमतेम ओळख झालेला फॉक्सप्रो हा डेटाबेस मी त्या पेढीवर बसून शिकले. शेतकऱ्याचा माल उतरला की वजन, भाव, त्यातून हमाली, तोलाई आणि त्या काळी आडतही वजा होऊन हाती हिशोबाची पट्टी पडे. लाइट कधी जाईल याचा नेम नव्हता. पट्टी सेव्ह होताना लाइट गेली, तर शेतकऱ्याच्या खात्यावर रक्कम चढलेली आणि खरेदीदाराच्या नावावर काहीच नाही. फॉक्सप्रोच्या त्या डीबीएफ फाइलींना ट्रान्झॅक्शन, म्हणजे सगळ्या नोंदी एकत्र होतील नाहीतर एकही नाही, हे ठाऊक नव्हतं. रीइंडेक्स केलं की इंडेक्स सुधारे, अर्धवट नोंद तशीच राही. मग मी पट्टी आधी वेगळ्या फाइलीत लिहायला लागले. दोन्ही खाती भरली की तिथे खूण करायची. प्रोग्राम सुरू होताना खूण नसलेली पट्टी सापडली, तर तिच्या अर्ध्या नोंदी पुसून ती पहिल्यापासून चढवायची.

१९९७ मध्ये पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत मुलाखतीला गेले, तेव्हा मार्कांचा विषयच निघाला नाही. मालकांनी माझ्या प्रोग्रामची फ्लॉपी घातली, एक पट्टी करायला घेतली आणि मधेच मशीनचं बटण बंद केलं. पुन्हा चालू केल्यावर हिशोब जुळला. “सोमवारपासून या,” एवढंच ते म्हणाले.

पुढच्या पिढीचं सामान वेगळं होतं. पीएचपी आणि मायएसक्यूएल फुकट मिळू लागले आणि सायबर कॅफेत बसून पोरं शिकली. मायएसक्यूएलमध्येही ट्रान्झॅक्शन सांभाळणारं इनोडीबी हे इंजिन आधी मुद्दाम निवडावं लागे. ते आपसूक मिळू लागलं २०१० मध्ये, ५.५ आवृत्तीपासून. २००८ मध्ये गिटहब आलं आणि आपलं काम कुणालाही दाखवायची सोय झाली. तेव्हापासून लातूरचा किंवा चंद्रपूरचा मुलगा घरबसल्या लिहिलेला कोड पुण्याच्या कंपनीपुढे ठेवू शकतो.

तरी बॅकएंडवाल्याचं दुखणं जुनंच आहे. स्क्रीन बनवणाऱ्याचं काम बघता क्षणी डोळ्यांत भरतं. डेटाबेसमागचं काम मात्र कुणीतरी थांबून, मुद्दाम बिघडवून पाहिल्याशिवाय कळत नाही. म्हणून जी तरुण मुलं मला विचारतात त्यांना मी सांगते, व्हिडिओ पाहून केलेल्या दहा ॲपपेक्षा एक असं करा की ज्यावर कुणाचा तरी रोजचा व्यवहार चालतो: भिशी, मेस, दूध संकलन. तिथे पैसे दोनदा वळते होतात, नेट मधेच जातं, माणसं चुकीचं टाइप करतात. हे सगळं निस्तरताना जे शिकाल, ते मुलाखतीत तुम्हाला आपोआप बोलता येईल.

पण सगळा भार मुलांवर टाकून चालणार नाही. अर्ज चाळणारं सॉफ्टवेअर आज अनेकदा पदवीच्या रकान्यावरच मुलांना गाळतं. मग त्यांचा कोड कुणी उघडतही नाही. आपल्या धंद्यात छोट्या कंपन्यांनी कामावरून माणूस ओळखला म्हणून एक अख्खी पिढी उभी राहिली. आता कंपन्या मोठ्या झाल्या आहेत. प्रत्येक भरतीत काही अर्ज तरी पदवी झाकून वाचा आणि त्या मुलांचा कोड चालवून पाहा. एवढा वेळ आपण त्यांचं देणं लागतो.