अर्ध्या आण्याचं रोम



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. (रिलीज होतं, त्यामुळे शनिवार-रविवारही ऑफिसचेच होते. असो.) दिवाळीला परतवाड्याला घरी गेलो होतो. आईने माळा साफ करायला लावला आणि एका पत्र्याच्या पेटीत माझा शाळेतला तिकिटांचा अल्बम सापडला. माळा तसाच राहिला हे सांगायला नकोच.

अल्बममध्ये इटलीचं एक पान आहे. त्या पानावर तीन तिकिटं. दोन खरोखर इटलीची आणि तिसरं एका भल्यामोठ्या कमानीचं, दोन रंगांत छापलेलं, वर काळाकुट्ट शिक्का. मी तेव्हा सातवीत होतो. कुठल्याशा पुस्तकात रोममधल्या टायटसच्या कमानीचं चित्र पाहिलं होतं, तिकिटावरची अक्षरं नेमकी शिक्क्याच्या शाईखाली गेलेली, तेव्हा कमान म्हणजे रोम, रोम म्हणजे इटली. लावलं फेव्हिकॉल आणि चिकटवलं!

ते तिकीट भारताचं आहे. 9 फेब्रुवारी 1931 ला निघालेलं, किंमत अर्धा आणा, आणि त्यावरची कमान म्हणजे आपलं इंडिया गेट. आणि गंमत अशी की सातवीतलं ते पोरगं अगदीच चुकलं नव्हतं.

त्याआधी भारतातल्या इंग्रज सरकारच्या तिकिटांवर राणी किंवा राजाचं डोकं असायचं, बास. 1929 ची विमान असलेली विमानटपालाची तिकिटं सोडली तर चित्र हा प्रकारच नव्हता. मग 1931 मध्ये नव्या दिल्लीचं उद्घाटन झालं आणि त्यासाठी सहा तिकिटं काढली. पाव आण्यावर पुराना किला, अर्ध्या आण्यावर युद्धस्मारकाची कमान (तेव्हा इंडिया गेटला असंच म्हणत), एक आण्यावर कौन्सिल हाऊस, दोन आण्यांवर व्हाइसरॉय हाऊस, तीन आण्यांवर सचिवालय, आणि एक रुपयावर सचिवालयासमोरचे डोमिनियन स्तंभ. सगळी छापली आपल्या नाशिकच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये. प्रेस तेव्हा जेमतेम पाच-सहा वर्षांचा होता. तोवर भारताची तिकिटं लंडनहून छापून यायची.

सहापैकी पुराना किला तेवढा जुना. बाकी पाच इमारती कोऱ्या करकरीत. कमानीचं तर अनावरणही झालं नव्हतं! ते 12 फेब्रुवारीला व्हाइसरॉय आयर्विनच्या हस्ते झालं, म्हणजे तिकीट तीन दिवस आधी बाजारात. (आमच्याकडे फीचर तयार व्हायच्या आधी मार्केटिंगवाले मेल पाठवतात, त्यातलाच प्रकार.)

आता थोडं आर्किटेक्चर. सॉफ्टवेअरचं नाही, खरं. ग्रीकांची पद्धत सरळ होती: खांब उभे करायचे आणि वर आडवी दगडी तुळई ठेवायची. पार्थेनॉन असंच आहे. पण दगड आडवा ठेवला की तो मधोमध ताणाने तडकतो, त्यामुळे खांब जवळजवळ लावावे लागतात. रोमन लोकांनी ग्रीकांचे खांब शोभेला ठेवले आणि वजन पेलायला कमान आणि घुमट वापरले. कमानीत प्रत्येक दगड शेजारच्याला दाबून धरतो, त्यामुळे मोठं अंतर पार करता येतं. ही युक्ती त्यांनी पुलाला वापरली, पाणी आणायला वापरली आणि मिरवायलाही वापरली. लढाई जिंकली की रस्त्यात नुसती कमान उभी करायची. ना भिंत, ना खोली, ना दार. फक्त "आम्ही जिंकलो".

लटियन्सने दिल्लीत हेच उभं केलं, 42 मीटर उंच. फक्त विजयाच्या जागी मेलेल्या सैनिकांची नावं कोरली, तेरा हजारांवर. पहिल्या महायुद्धात आणि 1919 च्या अफगाण युद्धात इंग्रजांसाठी लढताना गेलेली ही माणसं. व्हाइसरॉय हाऊसच्या खांबांसाठी त्याने स्वतःची नवी शैली काढली, ग्रीक-रोमन खांबांच्या माथ्यावर कोपऱ्यांत दगडी घंटा. आणि घुमटाला सांचीच्या स्तूपासारखा कठडा दिला. हा तोच लटियन्स, ज्याचं भारतीय वास्तुकलेबद्दलचं मत फारसं बरं नव्हतं. हर्बर्ट बेकरच्या गोल कौन्सिल हाऊसला बाहेरून 144 खांबांची ओळ. ही आपली जुनी संसद. 2023 मध्ये कामकाज शेजारच्या नव्या इमारतीत गेलं आणि हिचं नाव संविधान सदन झालं.

तर सांगायचा मुद्दा असा की पोस्टाचं तिकीट म्हणजे त्या काळच्या सरकारचं होमपेज. पहिल्या पानावर काय टाकायचं ते सरकार ठरवणार. 1931 मध्ये सरकारला सांगायचं होतं की आम्ही रोमसारखे आहोत, इथेच राहणार आहोत.

वेळ मात्र बघा. आधीच्याच वर्षी मिठाचा सत्याग्रह झालेला. आमच्या वऱ्हाडात समुद्र कुठून आणणार, तर लोकांनी अकोला जिल्ह्यातल्या दहीहंड्याला खाऱ्या विहिरीच्या पाण्यातून मीठ काढलं! तिकिटं निघाली 9 फेब्रुवारीला आणि 17 फेब्रुवारीला नुकतेच तुरुंगातून सुटलेले गांधीजी त्याच व्हाइसरॉय हाऊसच्या पायऱ्या चढून आयर्विनशी बोलायला गेले. चर्चिलचा जळफळाट झाला तो याच दृश्यावर, अर्धनग्न फकीर बरोबरीच्या नात्याने राजप्रतिनिधीशी बोलतोय म्हणून. दोन आण्याच्या तिकिटावर छापलेल्या त्या दिमाखाचा अर्थ आठच दिवसांत बदलला.

याच 1931 च्या नोव्हेंबरमध्ये निजामानेही आपल्या संस्थानची सचित्र तिकिटं काढली. त्यावर चारमिनार, अजिंठ्याच्या लेण्यांचं प्रवेशद्वार, बिदरचा मदरसा, दौलताबादचा मनोरा. एकही रोमन कमान नाही. आणि आमचं वऱ्हाड तर कागदोपत्री निजामाचंच! परतवाडाच मुळात निजामाच्या कंटिंजंट फौजेची छावणी, म्हणून जुनी माणसं अजून कॅम्प म्हणतात. पण 1853 पासून कारभार इंग्रजांकडे, 1902 मध्ये तर कायमचा पट्टा. त्यामुळे अजिंठ्याचं तिकीट तिकडे औरंगाबादला, आणि परतवाड्याच्या पत्रावर रोमन कमान. मालक एक, होमपेज दुसऱ्याचं.

1935 मध्ये पंचम जॉर्जच्या रौप्यमहोत्सवाची सात तिकिटं आली. तोवर सूर थोडा उतरला होता. रामेश्वरमचं देऊळ, ताजमहाल, सुवर्णमंदिर हे सगळं आत आलं. अर्ध्या आण्यावर मात्र पुन्हा कमानच, आपल्या मुंबईचं गेटवे ऑफ इंडिया. जॉर्ज विटेटने ढाचा रोमन विजयकमानीचा घेतला आणि नक्षीकाम गुजरातच्या जुन्या मशिदींसारखं केलं. रोममध्ये जिंकून आलेलं सैन्य कमानीतून आत यायचं. गेटवेमधून 28 फेब्रुवारी 1948 ला ब्रिटिश फौजेची शेवटची तुकडी, सॉमरसेट लाइट इन्फन्ट्री, बाहेर पडून बोटीत बसली. मला हा प्रसंग फार आवडतो.

त्यानंतर 15 ऑगस्ट 1949. नाशिकचा तोच प्रेस, सोळा नवी तिकिटं. घारापुरीची त्रिमूर्ती, अजिंठा, कोणार्कचा घोडा, विजापूरचा गोलघुमट, खजुराहो, लाल किल्ला. इंग्रजांनी बांधलेली एकही इमारत नाही. तीन आण्यांवर सांचीचं तोरण, म्हणजे ज्या स्तूपाचा कठडा लटियन्सने उचलला तो स्तूप आता स्वतःच्या नावाने. याच मालिकेत एक आण्याच्या बोधिसत्त्वाचं चित्र उलटं छापलं गेलं, उजव्याऐवजी डावा हात पुढे! दुरुस्त तिकीट जुलै 1950 मध्ये आलं. आपण प्रॉडक्शनमधला बग अकरा महिन्यांनी काढला तर क्लायंट ठेवेल का? :)

आता खरी गोष्ट, जी सांगायला मी इतका वेळ टाळाटाळ करतोय.

ते कमानीचं तिकीट मला सुटं मिळालं नव्हतं. आजोबांच्या कपाटात एक जुनं पाकीट होतं, त्यांच्या वडिलांना आलेलं. मी ते न विचारता घेतलं, बादलीत भिजवलं, तिकीट अलगद सोडवलं आणि पाकीट टाकून दिलं. आत पत्र होतं. मोडी असावी, मला वाचता येत नव्हती, शाई पाण्यात पसरली होती.

संध्याकाळी आजोबांच्या लक्षात आलं. ओरडले नाहीत. "पाकीट कुठी हाये बे?" म्हणाले. मी सांगितलं, फेकलं. "कायले फेकलं? तिकीट तं पोस्टात लाखानं छापते लेका. चिठ्ठी एकच होती." मग अंगणात जाऊन बसले. त्या रात्री जेवायला त्यांनी मला हाक मारली नाही, आजीनेच मारली.

चिठ्ठी कोणाची, कशाबद्दल, हे मी तेव्हा घाबरून विचारलं नाही, नंतर विसरलो, आणि 2016 मध्ये आजोबा गेले. बाबांना माहीत नाही. काकांना वाटतं कापसाच्या भावाबद्दल असेल. आत्या म्हणते दहीहंड्याला गेलेल्या कुणाची तरी खुशाली असेल, पण आत्या प्रत्येक गोष्टीत स्वातंत्र्यलढा आणते. तिकिटावर उरलाय तो अर्धा शिक्का. गावाच्या नावातली दोनच अक्षरं लागतात, तारीख पाकिटावर गेली.

त्या तिकिटाची किंमत नेटवर पाहिली. एका पिझ्झाचेही पैसे येणार नाहीत. पण काठाच्या दात्यांना धक्का न लावता ते इटलीच्या पानावरून काढून भारताच्या पानावर लावावं म्हणून परवा चिमटा आणि कोमट पाणी घेऊन बसलो होतो. अर्धा तास खटपट केली. फेव्हिकॉल आहे, निघत नाही.