देवबलौदा : शिखराविना उभा असलेला इतिहास

भिलाईचा इतिहास सांगताना सुरुवात बहुधा १९५५ च्या भारत-सोव्हिएत करारापासून होते. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले आणि पोलादनगरीचा लौकिक देशभर पसरला. परंतु दुर्गहून रायपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गालगतचे देवबलौदा हे गाव या भूमीचे वय कितीतरी अधिक असल्याची साक्ष देते.

येथील शिवमंदिर कलचुरी राजवटीतील, तेराव्या शतकातले आहे. त्याच शतकात देवगिरीच्या यादवांच्या राज्यात हेमाडपंती देवळे उभी राहत होती. मंदिर पूर्वाभिमुख असून समोर नंदी आहे. मंडपाच्या कोरीव स्तंभांमधून पुढे गेल्यावर पायऱ्या उतरून गाभाऱ्यात जावे लागते. बाह्य भिंतींवर देवदेवतांबरोबर हत्तींच्या रांगा, शिकारीची दृश्ये आणि नर्तकही कोरलेले आहेत. राजाश्रयाच्या शिल्पात लोकजीवनालाही असे स्थान मिळाले आहे.

शिखर मात्र अपुरे आहे. त्यामागची लोककथा गावात आजही सांगितली जाते. एक कारागीर विवस्त्र होऊन, एकाग्रतेने हे काम करीत असे. त्याची पत्नी रोज शिदोरी आणी. एके दिवशी तिच्याऐवजी बहीण येताना दिसली. लज्जेने त्याने शेजारच्या कुंडात उडी घेतली आणि शिखर तसेच राहिले. कथेला इतिहासाचा आधार नसेल. पण मंदिर आणि कुंड यांना गावाच्या स्मृतीत तिनेच एकत्र बांधले आहे.

कलचुरींनंतर नागपूरकर भोसल्यांचा अंमल आला, १८५४ मध्ये तो ब्रिटिशांकडे गेला, १९०६ मध्ये दुर्ग जिल्हा झाला. राज्ये बदलली, तरी महाशिवरात्रीची जत्रा या देवळाभोवतीच भरत राहिली.

आज मंदिर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या संरक्षणाखाली आहे. कायदा दगडांचे रक्षण करतो. पण मंदिराला अर्थ देणारे तळे, मातीच्या भिंतींची कौलारू घरे आणि वडीलधाऱ्यांच्या तोंडच्या कथा यांचे रक्षण गावालाच करावे लागते. सिमेंटच्या घरांची सोय कोणालाही नाकारता येणार नाही. मात्र जुने घर पाडण्यापूर्वी त्याचे एक रेखाचित्र काढावे, आजीची कथा वहीत उतरवून घ्यावी, एवढे तर शाळकरी मुलांनाही साधेल. अपुरे शिखर पूर्ण करणे कोणाच्या हाती नाही. त्याखालचे गाव विस्मृतीत जाऊ न देणे मात्र नव्या पिढीच्या हाती आहे.